पचमढीत जेवावे कोठे?

प्रवासाला निघण्यापूर्वी आपण गाडीचे आरक्षण करतो, मुक्कामाची खोली ठरवितो, औषधांची पिशवी आठवणीने भरतो. जेवणाचा प्रश्न मात्र ‘तेथे गेल्यावर पाहू’ एवढे म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक तीन-चार दिवसांच्या सहलीत धबधबा एकदाच पाहायचा असतो, सूर्यास्तही एकदाच. जेवायचे मात्र सात-आठ वेळा असते. थंड हवेच्या ठिकाणी तर भूकही अधिक लागते. सहलीवर कुटुंबात जे रुसवेफुगवे होतात ते धूपगडावर जावे की हांडी खोहकडे, यावरून सहसा होत नाहीत. ते होतात संध्याकाळी साडेसातला, बाजारातल्या चौकात, चार पाट्यांकडे पाहत उभे असताना. म्हातारी माणसे थकलेली असतात, मुले भुकेलेली असतात आणि निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसते. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढल्यावर मला वाटते की, निर्णय न झालेली फाईल आणि जेवण न झालेले कुटुंब यांत फारसा फरक नाही. दोहोंचा दोष शेवटी एकाच माणसाच्या माथी येतो.

आमच्या महाकोशलातील जुन्या मराठी घरांना हा प्रश्न तसा नवाच म्हणावा लागेल. १९६९ च्या उन्हाळ्यात, मी आठ वर्षांचा असताना, वडील आम्हांला प्रथम पचमढीला घेऊन गेले. कटंगीहून छोट्या लाईनने बालाघाट, तेथून छोट्याच लाईनने नैनपूरमार्गे जबलपूर, जबलपूरला मोठी गाडी धरून पिपरिया आणि पिपरियाहून बसने घाट चढून वर, असा तो प्रवास होता. आता ती छोटी गाडी राहिलेली नाही. सिवनी, छिंदवाडा, तामिया, मटकुली असे मोटारीने गेले की दिवस मावळायच्या आत माणूस पचमढीत पोहोचतो. त्या काळच्या प्रवासात सामानापेक्षा शिदोरीच मोठी असे. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, लिंबाचे लोणचे, मेतकूट, गूळपापडी आणि पितळी डब्यात घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ. धर्मशाळेच्या ओसरीवर आई स्टोव्ह पेटवी आणि चिन्नोरचा वास सुटला की कटंगीतले घरच उचलून तेथे आणल्यासारखे वाटे. जेवावे कोठे, हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नसे. जेवण आमच्याबरोबर प्रवास करीत असे.

यामागे काटकसर होती, तसाच धर्मही होता, आणि धर्माच्या मागे जात होती. हिंदी मुलखात राहून आपल्या घरांनी ‘कच्ची रसोई’ आणि ‘पक्की रसोई’ हा भेद स्वीकारला होता. तुपातेलात तळलेली पुरी, दुधातले पदार्थ, फळे ही परक्या ठिकाणी चालत. पाण्यात शिजविलेला भात, वरण, तव्यावरची पोळी ही मात्र फक्त घरच्या किंवा आपल्यासारख्याच हातची लागे. दशम्या दुधात भिजवायच्या त्या मऊ राहतात म्हणून, असे आम्हां मुलांना सांगितले जाई. खरे कारण पाण्याचे होते, हे पुढे कळले.

या नियमाची दुसरी बाजू, जो दाराबाहेर उभा राही त्याची बाजू, आपल्या घरांत क्वचितच बोलली गेली. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. परीक्षेसाठी घटना वाचताना मला याचे नवल वाटले होते. एवढ्या मोठ्या देशाचा मूलभूत कायदा लिहिताना उपाहारगृहाचे नाव घ्यावेसे वाटले, याचा अर्थ जेवणाच्या टेबलावर कोण बसतो हा प्रश्न त्या लोकांना राज्यकारभाराएवढाच मोठा वाटत होता. त्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला आणि असा मज्जाव करणे शिक्षेस पात्र ठरले. कायदा पंगतीच्या दारापर्यंत येतो. पानावर बसविणे त्याच्या हाती नसते.

पचमढीचा आणि आपल्या मराठी माणसांचा संबंध मात्र थंड हवेच्या सहलींपेक्षा पुष्कळ जुना आहे. १८१८ मध्ये नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले ते याच महादेवाच्या डोंगरांत आले, आणि गोंड सरदारांच्या आश्रयाने काही महिने राहिले. १८१९ मध्ये ते येथून असीरगडाकडे गेले. राज्य गेलेल्या त्या राजाचे पोट त्या दिवसांत डोंगरातल्या लोकांच्या कोठारावरच भरले असणार. पुढे इंग्रज अधिकारी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ येथे आला. त्याने बांधलेला बायसन लॉज अजून उभा आहे आणि त्याचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. मग मध्यप्रांताची ही उन्हाळी राजधानी झाली, छावणी वसली, १८७५ मध्ये क्राइस्ट चर्च उभे राहिले, बंगले बांधले गेले. आता त्यांतील काही बंगल्यांत राज्य पर्यटन निगमाची विश्रामस्थाने आहेत. गाव अजूनही लहानच आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती.

परंतु पचमढीला सर्वाधिक मराठी बोलली जाते ती महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या सुमारास. चौरागडावर त्रिशूळ वाहायला, बडा महादेव आणि जटाशंकराच्या दर्शनाला वऱ्हाड-नागपूरकडून माणसांचे लोंढे येतात. श्रावणात नागद्वारीची यात्रा भरते. एरवी बंद असणारी ती जंगलवाट वर्षातून त्या थोड्या दिवसांपुरतीच उघडते. या यात्रेकरूंना ‘जेवावे कोठे’ असे कोणाला विचारावे लागत नाही. ते तीन दगड मांडतात, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, वांग्याची भाजी रटरटत ठेवतात, आणि शेजारच्या चुलीवर कोण आहे याची फारशी चौकशी न करता मीठ-मिरची मागून घेतात. विदर्भातील मंडळे भंडारे लावतात. ओल्या कपड्यांनी, चिखलाच्या पायांनी माणसे रांगेत बसतात आणि वाढणारा पाने मोजत नाही. महादेवाच्या वाटेवर कच्ची-पक्कीचा हिशोब कोणी ठेवीत नाही, असे आमचे वडील म्हणत. तेच वडील धर्मशाळेत मात्र आईच्याच हातचा भात जेवत, आणि यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नसे. यात्रा निराळी, सहल निराळी!

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही सहकुटुंब पचमढीस गेलो होतो. मी, सौभाग्यवती, पुण्याहून आलेले चिरंजीव आणि सूनबाई, नऊ वर्षांचा नातू, आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्का तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिला वैधव्य आले आणि तेव्हापासून ती कटंगीच्या घरीच आहे. माझे शिक्षण, आमच्या मुलांची आजारपणे, आईवडिलांचे अखेरचे दिवस हे सारे तिने निभावले. तिने स्वतःसाठी ठेवले ते एवढेच की, घराबाहेर शिजलेले अन्न खायचे नाही. घरात तिच्या या नियमाविषयी कोणी बोलत नसे. अंगणातल्या विहिरीसारखा तो होता, सगळे त्याला वळसा घालून जात.

पहिल्या संध्याकाळी चिरंजीवांनी मोबाईल काढला. लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून उपाहारगृह निवडण्याची आताची रीत आहे. मी तिला नावे ठेवीत नाही. आमच्या वेळी टांगेवाल्याला विचारीत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, टांगेवाला दुसऱ्या दिवशीही चौकातच भेटे आणि खोटे सांगितले तर त्याला जाब विचारता येई. सर्वाधिक तारे ज्या जागेस होते तेथे बाग होती, दिव्यांच्या माळा होत्या, मोटारी उभ्या करण्यास प्रशस्त जागा होती. अक्का म्हणाली, “तुम्ही जेवून या. माझ्या दशम्या आहेत.” सूनबाईंनी आग्रह केला, “आत्याबाई, तेथे सगळे शुद्ध शाकाहारी आहे.” अक्का हसली आणि शालीत पाय घेऊन बसली.

त्या जागेची पदार्थांची यादी चौदा पानांची होती. पंजाबी, चिनी, दक्षिण भारतीय, इटालियन आणि शेवटी आईस्क्रीम. नातवाने नूडल्स मागविल्या, सूनबाईंनी डोसा, आम्ही दोघांनी डाळ-भात. मी अन्न व नागरी पुरवठा खात्यात होतो. या खात्यातला माणूस निवृत्त झाला तरी त्याची नजर निवृत्त होत नाही. हात धुण्यास मागे गेलो तेव्हा भटारखान्याच्या दाराशी घरगुती वापराची चौदा किलो दोनशे ग्रॅमची लाल नळकांडी रांगेने दिसली. व्यवसायाला एकोणीस किलोचे वेगळे सिलिंडर लागते, हे मी किती हॉटेलवाल्यांना किती वेळा सांगितले असेल! आता सांगण्याचा अधिकार उरलेला नव्हता. परंतु दीडशे पदार्थांची यादी आणि चार शेगड्या यांचे गणित मात्र कोणालाही करता येते. एवढे पदार्थ रोज ताजे होऊ शकत नाहीत. त्यांतील बरेचसे एकाच कढईतील रश्शाला निरनिराळी नावे देऊन होतात. पानांत जे आले ते गरम होते, याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

परतताना नातवाने विचारले, “आत्याआजी आपल्याबरोबर का जेवत नाही? तिला आपला राग आला आहे का?” चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “राग नाही रे, तिची सवय आहे.” मुलाला ते पटलेले दिसले नाही. लहान मुलांच्या लेखी जो बरोबर जेवत नाही तो रागावलेलाच असतो. आणि खरे पाहता, जगातील पुष्कळ मोठ्या माणसांनाही हेच वाटत आले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसस्थानकाच्या बाजूला गेलो. तेथे लहान लहान भोजनालये आहेत; कोठे गुजराती थाळी, कोठे जैन भोजन, कोठे दाल-बाफला, आणि एका पाटीवर देवनागरीत ‘महाराष्ट्रीयन भोजन मिळेल’. मराठी माणसाचे पाय अशा पाटीखाली आपोआप थांबतात. आत पाच-सहा टेबले होती. पिठले, ज्वारीची भाकरी, वांग्याची रस्सेदार भाजी, ठेचा आणि भात एवढेच पदार्थ होते. मालक वर्धेकडचे होते. यात्रेकरूंसाठी एका हंगामापुरते आले ते येथेच राहिले. पहिल्या घासाला पुण्याच्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. “हे महाराष्ट्रीयन आहे?” असे त्यांनी हळूच विचारले. त्यांच्या माहेरी आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय ती आमटी होत नाही! महाराष्ट्र नावाची एकच चव नाही, हे समजून घ्यायला मध्यप्रदेशातल्या डोंगरावर यावे लागले, असे म्हणून आम्ही सारे हसलो.

मालकांनी आपुलकीने विचारले, “आपण महाराष्ट्रातले कोणत्या गावचे?” मी म्हटले, “आम्ही बालाघाटचे. कटंगीचे.” ते म्हणाले, “म्हणजे एमपीचे.” या संवादाची आपणां सर्वांनाच सवय आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. आपले पूर्वज त्याच्याही आधी, भोसल्यांच्या अमदानीत, वैनगंगेच्या खोऱ्यात आले होते. राजधानी नागपूर होती, शाळेत मराठी होती. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशात राहिलो आणि आपली राजधानी भोपाळ झाली. घर हलले नाही, शेत हलले नाही, ताट हलले नाही. फक्त पाटी बदलली. तेव्हापासून नागपूरला गेलो की आपण ‘एमपीचे’ आणि भोपाळला गेलो की आपण ‘मराठी लोग’. मी मालकांना एवढेच म्हणालो की, भाकरी आमच्या घरच्यासारखीच झाली आहे. त्यांनी आणखी एक वाढली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

त्या चार दिवसांत आणि त्याआधी नोकरीतल्या फिरतीत पाहिलेल्या शेकडो भोजनालयांवरून काही खुणा माझ्या मनात ठरल्या आहेत. त्या येथे देतो, कारण आपल्या मंडळींपैकी पुष्कळजण पचमढीला, चिखलदऱ्याला, अमरकंटकला जात असतात.

पहिली खूण पदार्थांच्या यादीची. ती जितकी आखूड तितके अन्न ताजे. फळ्यावर खडूने लिहिलेली यादी छापील यादीपेक्षा भरवशाची, कारण खडू रोज पुसावा लागतो. दुसरी खूण गिऱ्हाइकांची. पचमढीत जंगलाकडे जिप्सी घेऊन जाणारे चालक, छावणीतले जवान, शाळेतले शिक्षक ज्या ठिकाणी जेवतात तेथे जावे. प्रवासी एकदाच फसतो, पण गावातला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. तिसरी खूण वेळेची. साडेबारा ते दीड आणि रात्री साडेसात ते साडेआठ या वेळात अन्न नुकतेच उतरलेले असते; सूर्यास्त पाहून धूपगडावरून सगळ्या गाड्या एकदम खाली येतात, त्या गर्दीत सापडू नये. चौथी खूण भाताची. भात ज्याला नीट करता येतो त्याला बाकीचे बहुधा येते, आणि आपण चिन्नोरवर वाढलेली माणसे हे एका शितावरून ओळखू शकतो. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु बालाघाटबाहेरच्या हॉटेलांत तो अजून फारसा दिसत नाही. पाचवी खूण पाण्याची. येथील जमुना प्रपाताच्या ओढ्याचे पाणी गावाला पुरविले जाते आणि ते गोडे आहे, तरी भांडे कसे घासले आहे हे पाहूनच ते प्यावे.

या पाच खुणांनी जेवण चांगले मिळते. परंतु चौदा पानांची ती यादी चाळताना एक गोष्ट माझ्या मनाला लागली, ती या खुणांत बसत नाही. त्या यादीत पंजाब होता, मद्रास होते, चीन होता, इटली होती. पचमढी मात्र नव्हती. या डोंगरांत गोंड, कोरकू, भारिया लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. कोदो, कुटकी, मका, जंगलातली चारोळी, मोहाची फुले, नाना तऱ्हेच्या पालेभाज्या यांवर त्यांचे जीवन चालत आले. त्यांतले लोक हॉटेलांत भांडी घासतात, गाड्या चालवितात, सामान उचलतात. त्यांचे अन्न मात्र हॉटेलात येत नाही. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून आलो त्यांच्या ताटात काय असते, हे न पाहताच आपण परत जातो. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे होत होते. शहरांत त्या धान्यांची बिस्किटे सुंदर वेष्टनांत विकली जात होती. आणि कुटकी जेथे पिकते तेथल्या बाजारात मात्र मला नूडल्सची पाकिटे टांगलेली दिसत होती.

आपल्या घरांचे तरी निराळे काय झाले? वडा-भात, सांबारवडी, पाटोड्या, मोहरीची चटणी या गोष्टी आपल्याकडे लग्नकार्यापुरत्या उरल्या आहेत आणि लग्नातही आता ‘चायनीज काउंटर’ असतो. भाषा टिकावी म्हणून आपण मंडळे काढतो, गणेशोत्सवात नाटके बसवितो. चव टिकावी म्हणून काय करतो? जो समाज आपल्या ताटाला कमी लेखतो त्याची भाषाही फार काळ ताठ मानेने उभी राहत नाही, असे मला वाटते. गोंडांच्या बाबतीत हे खरे असेल तर आपल्याही बाबतीत ते खोटे नाही.

परतीच्या वाटेवर तामिया लागते. छिंदवाडा जिल्ह्याच्या या भागात सावरवानीसारख्या काही गावांत गेल्या काही वर्षांत पर्यटन मंडळाच्या साहाय्याने घरगुती निवास सुरू झाले आहेत. गावातील कुटुंबे आपल्या अंगणात एक-दोन खोल्या बांधतात आणि पाहुण्यांना घरचेच जेवण देतात. चिरंजीवांनी आदल्या दिवशी फोन करून अशा एका घरी दुपारचे सांगून ठेवले होते. घर मातीचे, शेणाने सारवलेले. ओसरीवर मक्याची कणसे टांगलेली. घरची बाई गोंड होती. चुलीवर मक्याची भाकरी, पालेभाजी, तुरीचे वरण, भाजलेल्या टोमॅटोची चटणी आणि एका पातेल्यात बारीक दाण्यांचा पांढरा भात.

अक्का नेहमीप्रमाणे बाजूला खाटेवर बसली होती. दशम्या संपल्या होत्या. डब्यात राजगिऱ्याचे दोन लाडू उरले होते. बाईने येऊन तिला हिंदीत विचारले, “अम्मा, आप नहीं खाएँगी?” अक्काने उत्तर दिले नाही. ती उठली, चुलीजवळ गेली, पातेल्यात वाकून पाहिले आणि विचारले, “यह क्या है?” बाई म्हणाली, “कुटकी.” तिने मूठभर कोरडे दाणे आणून दाखविले. अक्काने ते तळहातावर पसरले, चश्मा वर करून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, ही तर भगर! आपली वरी!”

तिचे म्हणणे बरोबर होते. आपल्याकडे उपवासाला जे वरीचे तांदूळ करतात ते या कुटकीचेच. ज्या धान्यावर तिने पन्नास वर्षे एकादश्या काढल्या ते या डोंगरातल्या शेतांत पिकते आणि येथल्या लोकांचा तो रोजचा भात आहे, हे आम्हां कोणाच्याच कधी ध्यानात आले नव्हते. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, “एकादशीला चालते ती आज का चालू नये? वाढ म्हणावे मला.”

शास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद कितपत टिकेल, हे मी सांगू शकत नाही. प्रश्न धान्याचा नव्हता, पाण्याचा आणि हाताचा होता, हे तिलाही ठाऊक होते. परंतु घटनेतले कलम, सूनबाईंचा आग्रह, माझे इतक्या वर्षांचे मौन यांपैकी कशानेही जे दार उघडले नाही ते तिने आपल्याच उपवासाच्या किल्लीने उघडले. नातू सरकून तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याने काही विचारले नाही, आम्हीही काही बोललो नाही. तिने भात दोनदा घेतला, आणि पाण्याचा तांब्या बाईच्याच हातून घेतला. निघताना तिने बाईला ते दोन लाडू दिले. तेही त्या घरात त्याच क्षणी वाटून खाल्ले गेले.

कटंगीला आल्यावर अक्काने आपला नियम मोडला असे कोणी समजू नये. ती अजूनही घरचेच खाते. वयही झाले आहे. फक्त वर्षातून एकदा तामियाकडून कुटकीची पिशवी येते आणि एकादशीला ‘आपली वरी’ म्हणून ती शिजते. चिन्नोरच्या डब्याशेजारी तिचा डबा आहे.

आता कोणी ओळखीचे पचमढीला निघाले की मला जेवणाविषयी विचारतात. मी त्या पाच खुणा सांगतो, बसस्थानकाजवळची भोजनालये सांगतो, तामियाच्या बाजूच्या घरांना आदल्या दिवशी फोन करावयास सांगतो. पण त्याआधी त्यांना एक विचारतो: तुमच्यात असे कोण आहे, जो ‘तुम्ही जेवून या’ म्हणून खोलीवर थांबणार आहे? कोणाला दात नसतात, कोणाला मधुमेह असतो, कोणाचा नियम असतो, कोणाला काट्या-चमच्यांच्या टेबलावर बसण्याचा संकोच वाटतो, आणि कोणाला नुसता खर्चाचा विचार पडलेला असतो. त्या एका माणसाला कोठे जेवता येईल, तेथून शोध सुरू करावा. बाकीच्यांना तेथे काही ना काही मिळतेच.